गॅसच्या खोलीतला हरभरा

९ नोव्हेंबर
बारामतीच्या प्लॉटवरच्या चार खोल्या आजपासनं चालू. खोल्या म्हणजे काय, चारी बाजूनं प्लास्टिक, वर उघडं, आत हरभरा. दोन खोल्यांत नळीनं गॅस सोडायचा, दोन साध्या. माझं हितं तिसरं वर्ष. वरकुट्यातनं रोज ये-जा. औंदा धाकटी जाऊ रतन पण बरोबर. मॅडमकडं मीच शब्द टाकला. म्हणलं हाताची साफ हाय.
रतननं नळीला नाक लावलं. "आक्का, वास न्हाय, रंग न्हाय. आमच्या ह्यांच्या कष्टावाणी. करतो म्हणत्यात, दिसत न्हाय."

१७ नोव्हेंबर
पल्लवी मॅडमनी परत समजावलं. त्या अजून शिकत्यात, ह्या हरभऱ्यावरच त्यांची मोठी पदवी. झाड हवेतला कार्बन खातं, त्याचंच खोड, पान, दाणा. जाळलं, कुजलं की परत हवेत. म्हणलं कळलं. भवानीनगरकडं पाचट पेटवत्यात, उसानं वर्षभर खाल्लेलं घटकेत माघारी. मॅडम हसल्या.
हवेत हा कार्बनचा गॅस वाढत चाललाय, पुढं पिकाचं काय व्हणार ते आत्ता बघायचं, म्हणून खोल्या. म्हणून झाडाला बोट लावायचं न्हाय.
मोजणी माझ्याकडं. उंची, फांद्या. रजिस्टरात शेवटचा रकाना, झाडाला हात लागला का. दर शनिवारी 'नाही' लिहून सही. चौथी शिकलेल्या बाईची सही पुण्याला जाती.

५ डिसेंबर
गॅसवाला जोरात. पान रुंद, कवळं. साधा त्याच्यापुढं आजारी दिसतो. पण अळी पण गॅसवाल्यालाच जास्त. मॅडम म्हणल्या, पान मोठं झालं तरी कस कमी, अळीचं पोट भरत न्हाय, म्हणून जास्त खाती. म्हणजे नुसतं फुगल्यालं. अशी माणसं पण बघितल्यात.

१० डिसेंबर
रतनच्या डब्यात हरभऱ्याची भाजी. आमचा पेरा तर आत्ता कुठं वर आलाय. "कुठली गं?" तर म्हणली माहेरनं आली. लसूण चांगला घातलेला. दोन भाकरी गेल्या.

२१ डिसेंबर
शनिवार. फांद्या मोजल्या. साध्या खोल्यांपेक्षा गॅसच्या दोन्हीत दुप्पट. मॅडमचे पाय जमिनीला लागंनात. लगेच पुण्याच्या सरांना फोन. मला चहा स्वतः आणून दिला.
मला पटंना. फुगलं म्हणून एवढं फुटत न्हाय. रकान्यात 'नाही' लिहिलं तरी पण.

२३ डिसेंबर
गुडघ्यावर बसून एकेक झाड बघितलं. शेंडे न्हाईत. नखानं खुडल्यालं, टोक वाळून काळं. फक्त गॅसच्या खोल्यांत. हरभरा टीचभर झाला की आपल्या बाया शेंडा खुडत्यात, भाजी बी होती, झाड बी फुटतं. कुणाला म्हाईत न्हाय? म्हणजे फांद्या गॅसनं आल्या न्हाईत. नखानं आल्या.
रतनला बांधावर गाठली. आधी न्हाय न्हाय. मग म्हणली, "कवळा हरभरा दिसल्यावर हात ऱ्हातो व्हय आक्का? सगळ्याच खुडत्यात. त्यात कसली चोरी?"
"माहेरची म्हणलीस."
"तुमी इचारलं म्हणून म्हणलं. बोटं चाटून खाल्ली की."
खाल्ली. आन त्याच हातानं सही पण केली.

२४ डिसेंबर
मॅडमना सगळं सांगितलं. मी खाल्ल्यालं सुद्धा. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. दार लोटलं आन म्हणल्या, "मावशी, दोन वर्षं गेलीत माझी ह्यात. आकडे सरांकडं गेलेत."
मग, "तुम्ही 'नाही' लिहिलंय ना? मग नाहीच."
म्हणलं, उद्या हवा बदलल्यावर लोक ह्याच आकड्यावर हरभरा पेरतील त्याचं काय.
"एवढं कुणी वाचत नाही हो, मावशी."
हीच बाई मला सांगायची, एक झाड चुकलं तरी लिहा. मी तिचं ऐकून पावसात मोजलंय.

४ जानेवारी
शनिवार. रकान्यात लिहिलं. गॅसची खोली एक आन दोन, शेंडे खुडले. खुडणारी माझी जाऊ, खाणारी मी. आधीच्या सह्या खोट्या हाईत. अक्षर वाकडं आलं. वाचता येतंय.
मॅडमनी वाचलं. पान उलटलं.

६ जानेवारी
मला कांद्याच्या पट्ट्यात खुरपायला लावलं. "तुमची नजर कमी झालीय मावशी, त्रास नको." नजर म्हणं. नखाची खूण कुणी बघितली मग?
रजिस्टर नवं कोरं. जुनं कुठं, विचारलं तर शिपाई आभाळाकडं बघतो. मोजपट्टी रतनच्या हातात. तिनं माझ्याकडं बघितलं न्हाय. मीच कामाला आणल्याली ती. भाकरीला आज ती तिकडं, मी हिकडं.

८ जानेवारी
दिवेलागणीला रतन आली. अंगण एकच आमचं, तरी उंबऱ्याबाहेरच थांबली. पदराखाली नवं रजिस्टर. तिला आकडे कळत्यात, अक्षर न्हाय.
"आक्का, मागचे सगळे शनिवार भरून मागितल्यात. 'नाही' कसं लिहायचं तेवढं दाखवा. माझी सही गिरवलीय मी."
म्हणलं, मॅडमला विचार.
"त्याच म्हणल्या, मावशीकडनं शिकून ये."
मी हातातलं काम सोडलं न्हाय. म्हणलं, आन तुला काय वाटतं?
"मला काम पायजे आक्का."
पान उघडून उंबऱ्यावर ठेवलंय तिनं. पेन वर. मी आत बसून हे लिहितीय. ती अजून गेली न्हाय.