गच्चीवरचे बुडबुडे

जळगाव
१२ एप्रिल १९९७

प्रिय उखर्डू,

पाच वर्षांनी माझं अक्षर पाहून तू पाकीट न फोडताच ठेवून देशील, म्हणून पाकिटावर पत्ता टाइप करून घेतला, मागे नावही घातलेलं नाही. पिंपळनेरला, तुझ्याच गावच्या शाळेत तू विज्ञान शिकवतोस, एवढंच कळलं. मी अजून इथेच, त्याच प्रयोगशाळेत आहे.

भंगाळे सरांकडे पीएच.डी.साठी आपण दोघं एकाच दिवशी रुजू झालो होतो. उन्हाच्या जोरावर पाण्यातून हायड्रोजन वेगळा करायचा, आणि त्यासाठी काचेवर टायटॅनियम डायऑक्साइडचा थर चढवायचा; कण इतके बारीक, की केसाच्या जाडीत हजारो मावावेत. माझे थर भट्टीतून निघताना पापुद्र्यासारखे सुटायचे. तुझे काचेला धरून राहायचे. सहा महिने मी तुझं मिश्रण, तुझ्या भट्टीचं तापमान, अगदी काच बुडवतानाचा तुझा हातसुद्धा न्याहाळत होतो. तू काहीच लपवलं नाहीस. त्याचाच मला जास्त राग यायचा.

मे महिन्यात गच्चीवर तुझ्या काचेला जोडलेल्या प्लॅटिनमच्या तारेवर बुडबुडे आले. तुझी आई त्या दिवशी तुला भेटायला आली होती. "हाई काय शे रे?" तिने बुडबुड्यांकडे बोट दाखवून विचारलं. तू हसत म्हणालास, "पानी फुटी ऱ्हायनं, माय." तिने तुझ्या डोक्यावरून हात फिरवला, मग माझ्याही. मला तो हात नको होता.

दुसऱ्या दिवशी सर म्हणाले, "पाण्यात विरघळलेली हवाच उन्हाने बाहेर पडली असेल. पाणी आधी उकळून घेतलं होतं का?" तू हो म्हणालास आणि माझ्याकडे पाहिलंस. पाणी उकळताना चंबू मीच धरला होता. मी म्हणालो, "माझं लक्ष नव्हतं, सर." जर्मनीच्या शिष्यवृत्तीसाठी तुझं नाव जायचं होतं, ते गेलं नाही. महिनाभरात तू सामान बांधलंस. एसटीवर तुझी ट्रंक मी चढवली. सगळं ठाऊक असूनही तू म्हणालास, "गिरधर, काम सोडू नको."

मागच्या हिवाळ्यात, तू इथे ठेवून गेलेल्या वहीवरून मी तो थर पुन्हा बनवला. बुडबुडे आले. वायू नळीत धरून काडी लावली, तर 'पक्' असा आवाज झाला. हायड्रोजनच होता. त्या क्षणीसुद्धा मनात एवढंच आलं, की हे आधी मला का सुचलं नाही! मग ते सगळं मी माझ्या प्रबंधात, माझ्या नावावर टाइप करून घेतलं.

परवा सरांनी ते वाचून माझी पाठ थोपटली. म्हणाले, "उखर्डूला हे जमलं नव्हतं." तेव्हा मात्र मला ऐकवेना. उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. सरांनी माझा प्रबंध मिटून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "मला काय सांगतोस? त्याला लिही." माझा प्रबंध त्यांनी थांबवला आहे. तुझी नोंदणी पुन्हा करायला ते तयार आहेत. त्यांच्या सहीचा अर्ज सोबत आहे, तो भरून जूनच्या आत इथे पोहोचला पाहिजे. माझा मत्सर गेलाय असं समजू नकोस. आत्ता अर्जाची घडी घालतानाही तुझ्या नावाआधी 'डॉक्टर' लागलेलं डोळ्यांपुढे आलं आणि घडी वाकडी पडली. तरी पाकीट चिकटवतो आहे.

म्हणवत नाही, तरीही तुझाच,
गिरधर