हात थरथरला नाही

प्रिय टिकली,

चष्मा काय झकास बसलाय गं नाकावर! इतके दिवस एका कानाला दोरा बांधून फिरत होते, तर तुझा काका म्हणायचा, आई, चष्मा घातलायस की बकरी बांधलीयस? आता ऐटीत बसून तुला लिहितेय. जोडाक्षरं चुकली तर सांभाळून घे. कालपासून एक काळजी लागलीय, ती कशाची ते सांगतेच, पण आधी आनंद सांगू दे, नाहीतर तो राहूनच जाईल.

काल माझ्याकडे आली होतीस तेव्हा तू खिडकीशी बसलीस, चष्म्याचा तो मुंगीएवढा स्क्रू चिमट्यात धरलास आणि एका दमात बसवलास. मी बघतच राहिले. मागच्या खेपेला तुझी बोटं अशी थरथरत होती की कपातला अर्धा चहा बशीत. तू कामाला जातेस त्या दुकानात स्क्रू सारखे खाली पडायचे, आणि तो चष्मेवाला मालक म्हणायचा, बाई, झाडूऐवजी लोहचुंबक आणू का? तू ते हसत सांगितलंस, पण मला काही हसू आलं नाही. शिवाय सारखी तहान, पेल्यामागून पेला पाणी. कपडे घट्ट झाले म्हणून चिडचिड. या वेळी त्यातलं काहीच नाही! पहाटेच उठून माझे सगळे डबे उतरवलेस, घासलेस, फळ्या पुसल्यास, वर म्हणालीस, आजी, हल्ली झोप लागतच नाही, पण थकवा म्हणून नाही. काका म्हणाला, पोरगी अगदी पहिल्यासारखी झाली बघ. तू गेल्यावर मी शेजारणीला दारातच धरून तुझं कौतुक सुरू केलं, तर ती म्हणते, आजी, मध्ये श्वास तरी घ्या.

ती गेली, मी भांडी घासायला बसले, आणि ते ‘पहिल्यासारखी’ डोक्यात घोळायला लागलं. कुठल्या पहिल्यासारखी गं? मन ताळ्यावर राहावं म्हणून डॉक्टरांनी दिलेल्या त्या गोळ्या सुरू व्हायच्या आधीही तू अशीच होतीस. झोप नाही, भूक नाही, खोलीच्या भिंती रंगवत सुटली होतीस, बोलणं तर असं की मध्ये शब्द घालायला जागा नाही. आम्ही सगळे खूश, पोरगी किती उत्साही! आणि मग एकदम अंथरूण धरलंस. तुझ्या आईनं तुला गच्चीच्या कठड्यावरून मागे ओढलं, ते या घरात कोणी बोलत नाही. मीही आज पहिल्यांदाच लिहितेय.

माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतरच्या त्या दुखण्याच्या जालीम गोळ्या तुला आठवतात ना? डोळ्यांवर गुंगी, मळमळ, आणि पोट असं गच्च की संडासात बसून अख्खं वर्तमानपत्र वाचून व्हायचं, आणि मी किती सावकाश वाचते ते तुला माहीत आहे. दुखणं उतरलं तरी जीव गोळी मागायचा. मग वैतागून सगळ्या एकदम बंद केल्या, तर घाम काय, कापरं काय, जुलाब काय! तूच धावत आलीस. डॉक्टरांच्या समोर मला झापलंस, की आजी, असल्या गोळ्या आपल्या मनानं सोडायच्या नसतात, डॉक्टर हळूहळू उतरवतात. वर माझी झोपेची गोळीही उचलून नेलीस, म्हणालीस, ही दोन्ही एकत्र घेतली तर झोपेत श्वास थांबेल. केवढा राग आला होता मला! पण ऐकलं.

म्हणून हे पत्र, टिकले. तू तुझ्या गोळ्या सोडल्यास ना? फोनवर विचारलं असतं, पण तू ‘छे गं’ म्हणाली असतीस आणि मी विश्वास ठेवला असता, कारण मला ठेवायचाच होता. त्या गोळ्यांची बाजू घेत नाही मी. तहान, थरथर, वजन सगळं खरं आहे, आणि बारीक कामावर तुझं पोट आहे. डॉक्टरांना सांगू, रक्त तपासा, गोळी बदला, कमी करा, पोरीला तिचं काम करता आलं पाहिजे. ते ऐकत नसतील तर मी भांडेन, मला भांडता येतं. पण हे त्यांच्यासमोर ठरू दे, तू एकटीनं ठरवू नकोस. हे पत्र काकाच्या हातून वर पाठवतेय. तुझे जिने मला चढवत नाहीत, म्हणून तुला डॉक्टरांकडे न्यायला खाली त्याच्या गाडीत बसलेय. रागावलीस तरी चालेल, माझ्याशी वाटेत एक शब्द बोलू नकोस. नुसत्या चपला घाल आणि ये.

खाली वाट बघणारी,
तुझीच आजी