चार नंबरच्या टाकीचा सुगंध

रविवार, ३ मार्च. सकाळी ११

बॅग भरली. हल्ली साबणांना वास नसतो. नवी वडी वेष्टण काढून नाकाला लावून पाहिली. काही नाही. पूर्वी मोरीत साबण ठेवला तर बाहेरच्या खोलीत कळायचं. कारखानदारांनी दर्जा पार सोडला.

सूनबाईशी खटका. दूध उतू गेलं, जळलं, पातेलं काळं झालं, आणि मी शेजारीच स्टुलावर. ती आतून धावत आली. म्हणाली, अहो बाबा, घरभर वास सुटलाय, इथे बसून करताय काय? म्हटलं, चौथीच्या पुस्तकातली नदीची कविता आठवतोय, तिसरं कडवं अडलंय. हे अगदी खरं होतं. कवितेत बुडालेल्या माणसाला दूध दिसत नाही. मुलगा पेपराआडून म्हणाला, दिसलं नसेल, पण वास? म्हटलं, तू तुझा पेपर वाच.

उद्यापासून तेलाच्या डेपोवर दौरा. ऑलिव्ह तेल पारखायचं. शुक्रवारी तिथेच माझी वार्षिक चाचणी. साठी उलटलेल्या पारख्यांना कंपनीने सक्तीची केली आहे. तीन निळ्या काचेच्या वाट्या, दोनांत एकच तेल, तिसरीत वेगळं. वास घेऊन वेगळी वाटी दाखवायची. दाखवली तर करार आणखी दोन वर्षं. नाही तर घरी. ही पद्धत कंपनीत मीच आणली. याच तीन वाट्यांनी सतरा जणांना घरी पाठवलंय. साहेब फोनवर म्हणाले, नाकसाहेब, तुमची तर नुसती फॉर्मॅलिटी.

संकल्प. (१) दौऱ्यात कांदा, लसूण, मिरची, कॉफी, अत्तर बंद. जेवण इटालियन हॉटेलातच, साधा पास्ता, वर कच्चं तेल आणि मीठ. चाळीस वर्षांचा नेम आहे. जीभ कोऱ्या पाटीसारखी राहते. (२) रोज एक कडवं, वृत्तात. (३) सूनबाईला फोन करायचा नाही. तिने केला तर घ्यायचा.

सोमवार, ४ मार्च. दुपारी २

डेपो. बारा टाक्या, लोखंडी जिने, पत्र्याचं छप्पर. केमिस्ट बाई नवीन, तिशीतल्या, कमी बोलणाऱ्या. माझं काम बघून लोक गप्प होतात, याची मला सवय आहे.

टाकी नंबर चार. वाटी तळव्यात धरून कोमट केली, झाकण उचललं, डोळे मिटले. आणि समोर उभी राहिली शाळेमागची टेकडी! दवाने भिजलेलं गवत, नुकता फोडलेला कच्चा बदाम. रजिस्टरात शेरा लिहिला:

थेंब थेंब हा सोन्याचा,
गंध तयाला रानाचा.

खाली 'पास'.

बाई म्हणाल्या, सर, परत एकदा बघता का? मला जरा... आणि थांबल्या. मग म्हणाल्या, लॅबचा रिपोर्ट गुरुवारपर्यंत येईल, तोवर थांबू या का? म्हटलं, बाई, तुमच्या मशीनला टेकडी दिसते का? हसल्या नाहीत. नियमाप्रमाणे माझा शब्द शेवटचा. लगेच डबे भरायला घेतले. प्रत्येक डब्यावर 'पारखून पास', खाली माझी सही.

घशात किंचित खवखव. उत्तम ताज्या तेलाची हीच खूण.

सोमवार. रात्री ८

मुक्कामाच्या लॉजपासून सात मिनिटांवर इटालियन हॉटेल. अकरा टेबलं, अकराही भरलेली. मला खांबाजवळची एकट्याची खुर्ची मिळाली. मालकच आचारी. वेटर इतका उंच की दिव्याखालून जाताना मान वाकवतो. त्याला लंबू नाव ठेवलं. (मनात.)

साधा पास्ता सांगितला, लसूण वर्ज्य असं दोनदा बजावलं. आला. सात्त्विक, नाजूक, तान्ह्या बाळाच्या जावळासारखा. संपवला तोच लंबू धावत आला, काका, माफ करा, सहा नंबरची प्लेट तुम्हाला दिली! त्यात लसणाचा अख्खा गड्डा होता हो! म्हटलं, अरे, मी चाळीस वर्षं नाकावर जगलोय, यात लसणाची पाकळीसुद्धा नव्हती. तो रिकाम्या प्लेटकडे बघत राहिला. मग प्लेट नाकाला लावली. मग माझ्याकडे बघितलं.

वेटर लोकांना स्वतःच्याच स्वयंपाकघरात काय चाललंय ते माहीत नसतं.

मंगळवार, ५ मार्च. सकाळी ७

लॉजच्या न्हाणीघरात टूथपेस्ट, साबण, शेव्हिंग क्रीम ओळीने मांडून एकेक हुंगलं. सहज. तिन्ही निकृष्ट. मोजेही. मोजे मात्र कालचे होते, त्यांना निकृष्ट कसं म्हणायचं ते कळेना. विषय सोडला.

मंगळवार. रात्री ८.१५

आनंदाची बातमी! हॉटेलात आजच डेपोतून नवं तेल आलं. काउंटरमागे सहा डबे, सहांवर माझी सही. लंबूला बोलावून दाखवलं. तो म्हणाला, हे तुम्ही? म्हटलं, हे मी. त्याने आत जाऊन मालकाला सांगितलं, मालकाने खिडकीतून हात केला. बाहेरगावी एकट्याने जेवताना असं क्वचितच होतं.

पास्त्यावर तेल जास्त घातलं. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी काटा तोंडाजवळ नेला, खाली ठेवला, प्लेट नवऱ्याच्या नाकाखाली धरली. नवरा म्हणाला, अगं, याला तर जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास येतोय. लंबूशी हुज्जत. मला राहवलं नाही. उठून म्हटलं, ताई, अस्सल तेलाची ओळख शहरातल्या लोकांना राहिलेली नाही, डोळे मिटा आणि टेकडी आठवा. नवरा म्हणाला, कोणती टेकडी? दोघं न जेवता गेले.

तसे सगळेच जरा लवकर उठले. हवा पावसाळी होती म्हणून असेल.

आजचं कडवं झालं नाही. 'सुगंध'ला यमक सापडेना. 'अंध' सापडलं, ते घेतलं नाही.

बुधवार, ६ मार्च. रात्री ८

आज तीनच टेबलं भरलेली. एकावरच्या मुलाने घास बशीत काढून टाकला. आईने त्याला रागवायच्या आधी स्वतः चाखून बघितलं, आणि मग रागावली नाही. मुलं लाडावलीत.

मागच्या दाराशी एक मांजर येतं. लंबूने त्याला तेलातला मासा टाकला. मांजर आलं, वाकलं, दोन पावलं मागे सरलं, आणि मग त्या तुकड्यावर पंजाने माती ओढायला लागलं. मी काचेतून बघत होतो. मांजरांत इतकी नीटनेटकी जात प्रथमच पाहिली.

पास्ता संपवला, पावाने बशी पुसून घेतली. मान वर केली तर मालक दारात. किती वेळ उभा होता कोण जाणे. विचारलं, काय हो, बसा ना. म्हणाला, नाही, तुम्ही खा. छान लागतंय? म्हटलं, अप्रतिम. म्हणाला, खरंच? म्हटलं, शपथेवर. तो आत गेला. आत बराच वेळ भांडं आपटल्याचा आवाज येत होता.

सूनबाईचा फोन. जेवण कसं मिळतंय? म्हटलं, आयुष्यात असं मिळालं नव्हतं. म्हणाली, बरं झालं बाई, इथे तर तुम्ही महिनाभर म्हणताय की कशालाच चव नाही. म्हटलं, इथे तेल चांगलं आहे.

संकल्प तीन पाळला. तिनेच केला होता.

गुरुवार, ७ मार्च. संध्याकाळी ७.३०

हॉटेलात मी एकटाच. दहा टेबलांवर कोरे रुमाल त्रिकोणी घड्या घालून. पंखे सगळे चालू, खिडक्या सताड उघड्या. मी बाहेरूनच मफलर गुंडाळून आलो होतो म्हणून बरं.

जेवण येईना. त्याऐवजी मालक आला, हातात तेलाचा डबा. डबा माझ्यासमोर ठेवला, झाकण काढलं. म्हणाला, काका, वास घ्या.

लंबू दोन पावलं मागे सरला. तोंडावर हात.

मी नाक डब्यात घातलं. डोळे मिटले. जरा वेळ लागला, पण आलं. शाळेचा पहिला दिवस, नवं पुस्तक, खडू, कवितेच्या बाईंच्या टेबलावरचा मोगरा. म्हटलं, वा.

मालकाने विचारलं, सर्दी झालीय का तुम्हाला? म्हटलं, गेल्या हिवाळ्यात एक जबर झाली होती, त्यानंतर शिंकसुद्धा नाही. तो खुर्ची ओढून बसला. म्हणाला, मंगळवारी डबा फोडला तेव्हाच मला खवट वास आला. ओतूनच देणार होतो. पण वर तुमची सही. आणि तुम्ही इथे रोज बशी चाटूनपुसून खाताय. मला वाटलं, एवढा मोठा पारखी खातोय, माझंच नाक बिघडलं असेल. तुमच्याकडे बघून बघून तीन दिवस तेच वाढत राहिलो हो मी. तीन दिवसांत गिऱ्हाईक तुटलं माझं. नऊ वर्षांचं.

मी म्हटलं, लोकांची आवड बदलते. लंबू म्हणाला, मालक, उद्या सकाळी डबा डेपोत नेऊन दाखवू या. मालक उठला. डब्याचं झाकण लावताना त्याने दोन्ही हातांनी जोर दिला, आत काही जिवंत असल्यासारखा.

जेवण दिलं नाही. विचारलंही नाही. एक हॉटेलवाला जर स्वतःच्या नाकावर विश्वास ठेवत नसेल तर त्याने धंदा का करावा?

लॉजवर बिस्किटं खाल्ली. गोड होती. गोड कळतं. खारट कळतं.

उद्या चाचणी. झोप लवकर.

शुक्रवार, ८ मार्च. सकाळी ९.१०

उत्साह आहे. पाचला उठलो. डेपोच्या व्हरांड्यात बसून लिहितोय. मालक आणि लंबू डबा घेऊन माझ्या आधीच येऊन गेले असं शिपाई म्हणाला. लॅबचा रिपोर्टही आलाय म्हणे. चार नंबरच्या टाकीला कुलूप घातलंय. मशीनचं काय, तिला कोणी बटण चुकीचं दाबलं की झालं.

तीनांतून एक. नुसती फॉर्मॅलिटी.

शुक्रवार. दुपारी १२.४०

खोलीत फक्त मी आणि केमिस्ट बाई. टेबलावर तीन निळ्या वाट्या, तीन झाकणं. बाई म्हणाल्या, सर, घाई नाही.

पहिली उचलली. टेकडी. दुसरी उचलली. टेकडी. तिसरी उचलली. तीच टेकडी, तेच गवत, तेच दव. पुन्हा पहिली. घड्याळाचा आवाज फार मोठा होता त्या खोलीत.

मग बाई वाट्या जरा जवळ सरकवायला वाकल्या. दुसऱ्या वाटीपाशी त्यांच्या नाकपुड्या आक्रसल्या, मान किंचित बाजूला वळली. एक क्षणच. पण मी पाहिलं.

मी ताठ बसलो. दुसरी वाटी पुढे केली. म्हटलं, ही. खवट, ओलसर पोत्याची, बंद पडलेल्या शाळेसारखी. एका दमात म्हटलं. शब्द फार चांगले सुचले होते.

बाईंनी कागदावर काही लिहिलं नाही. पेन मिटलं. म्हणाल्या, सर, पहिली आणि दुसरी आठ नंबरच्या टाकीतली. दोन्ही चांगली. तिसरी चार नंबरची.

म्हटलं, पण तुम्ही तर... आणि थांबलो.

त्या म्हणाल्या, मी मुद्दाम तोंड वाकडं केलं. तुमच्याच ट्रेनिंगला होते मी, सर. तुम्हीच फळ्यावर लिहून दिलं होतं, नाक गेलेला माणूस वाटीकडे बघत नाही, समोरच्याच्या तोंडाकडे बघतो. मी वहीत अधोरेखित केलंय. आणि मग त्या रडायला लागल्या, त्यामुळे मलाच त्यांना पाणी द्यावं लागलं.

अठरावा.

शनिवार, ९ मार्च. दुपारी ३.३०

सकाळी हॉटेलात गेलो. दार उघडं, गिऱ्हाईक नाही. मालक आणि लंबू कढया सोड्याने घासत होते. मी उभ्याउभ्याच सांगितलं, मला काही येत नाही. कशाचाच वास. सर्दी झाली तेव्हापासून. तुमचं नाक ठीक होतं.

मालकाने विचारलं, मग रोज अप्रतिम अप्रतिम काय म्हणत होतात? म्हटलं, आठवत होतं ते सांगत होतो. लंबू हसला. मालक नाही हसला. म्हणाला, काका, हे मला मंगळवारी सांगायला हवं होतं. म्हटलं, मंगळवारी मलाही माहीत नव्हतं. हे लिहिताना वाटतंय की माहीत होतं.

कंपनी सगळे डबे परत घेणार आहे. मी एका कागदावर लिहून दिलं की तेल खराब होतं, हॉटेलचा दोष नाही, आणि सही केली. मालकाने तो कागद दाराच्या काचेला लावला. चार माणसं वाचून पुढे गेली. एक बाई थांबून आत डोकावली, आणि तीही गेली. मी समोरच्या फुटपाथवरून बघत होतो. आणखी कोणी थांबतंय का ते बघायला तासभर उभा होतो.

सूनबाईचा फोन आला. उद्या किती वाजता पोचताय? एकपर्यंत म्हटलं. म्हणाली, जेवायला काय करून ठेवू? म्हटलं, काहीही. म्हणाली, अहो, काहीही काय, नीट सांगा ना. म्हटलं, खरंच काहीही चालेल.

तिला वाटलं मी अजून दुधावरून रागावलोय.