वाक कुठून येतो ते बघ

प्रिय टिटवी,

हे पत्र तुझ्या नावाचं आहे, पण लिहिताना डोळ्यांसमोर आपण सगळ्याजणी आहोत. जिम्नॅस्टिक्सच्या त्या हॉलच्या निळ्या गाद्यांवर वाकलेल्या, पाठ दुखली की ‘तुझ्यातच दम नाही’ हे ऐकून गप्प बसलेल्या, आणि पुढे जन्मभर तेच खरं मानलेल्या. पाठी दुसऱ्यांनी बिघडवल्या आणि लाज मात्र आपण बाळगली. तू म्हणशील, झाली भोंग्याची सभा सुरू. होऊ दे. मला शिसारी आलीय, आणि शिसारी आली की माझा आवाज चढतो, हे तुला शाळेपासून माहीत आहे.

गेल्या आठवड्यात आपल्या सरांचा फोन आला. बक्षीस समारंभाला पाहुणी म्हणून ये म्हणाले. वीस वर्षांत मी त्या हॉलची पायरी चढले नव्हते, आताही टाळणारच होते. तेवढ्यात ते म्हणाले, “अगं, टिटवीची पोरगी आहे आता माझ्याकडे. काय वाकते म्हणून सांगू!” म्हणून गेले.

हॉलला नवा रंग दिलाय, एका भिंतीला आरसे लावलेत. वास मात्र तोच. रबर, घाम आणि दुखण्यावर मारायचा तो फवारा. बारा-तेरा वर्षांच्या पोरींच्या अंगाला औषधाचा वास येतो आणि त्यांचे आईबाप खुर्च्यांवर बसून व्हिडिओ काढतात. आपल्या वेळचा खडूचा फळा गेला. आता पडद्यावर सेकंद पळतात. पोरी कोपरांवर आणि चवड्यांवर आडव्या, पाठीवर लोखंडी प्लेट, आणि कोण जास्त वेळ टिकतं याची शर्यत. पहिलं मिनिट सगळ्या सरळ होत्या. मग एकेकीचं पोट खाली आलं, कंबर सैल दोरीसारखी लोंबली, श्वास कोंडून चेहरे जांभळे पडले. घड्याळ चालूच. सर माइकवरून ओरडत होते, “कोअर! कोअर स्टेबिलिटी!” आपल्या वेळी ‘पोट घट्ट’ म्हणायचे, तेच हे. कुठल्याशा दोन दिवसांच्या शिबिरातून शब्द तेवढे उचलून आणलेत, अर्थ तिथेच राहिला. शरीराचा मधला भाग स्थिर राहिला की हातापायांना मोकळेपणी जोर लावता येतो, त्यासाठी तो घट्ट करायचा. इथे मधला भाग कधीच सुटला होता, पाठीची हाडं एकमेकांवर टेकून वजन पेलत होती, आणि त्याला हा माणूस ताकद म्हणत होता.

तुझी लेक पहिली आली. तीन मिनिटं चाळीस सेकंद. माझ्या शेजारची बाई कौतुकाने म्हणाली, “येणारच की पहिली, तिची आई घरी पाठीवर पाच किलोची पिशवी ठेवते म्हणे!” तुझी किळस आली असं लिहून खोडलं होतं, पण आता राहू दे. थोडी आलीच.

मग मोबिलिटीच्या, म्हणजे सांधे मोकळे करायच्या, नावाने मागे वाकून कमानी सुरू झाल्या. तुझ्या लेकीचे खांदे उघडत नाहीत. हात तिरके पडतात, छातीमागची पाठ दगडासारखी आहे. मग एवढा वाक येतो कुठून? कमरेच्या जरा वर दोन बोटांची जागा आहे, सगळा तिथून. जिथून हलायला हवं तिथून हलत नाही, म्हणून जे स्थिर राहायला हवं ते बिचारं मोडून पडेस्तोवर हलतं. एवढी साधी गोष्ट. पण सरांचं लक्ष हात टाचांना टेकतात की नाही एवढ्यावरच. शेवटचं चार बोटांचं अंतर उरलं तेव्हा त्यांनी तिचे खांदे तळव्याने टाचांकडे ढकलले. टाळ्या पडल्या. पोर उठली, तिने कमरेवर हात ठेवला आणि कुणी बघायच्या आत काढून घेतला. “अगदी आईवर गेलीय,” सर म्हणाले. मी हसले. पाहुणी होते ना. त्या हसण्याचीही मला आता घाण वाटते.

माझं स्वतःचं केंद्र म्हणजे एका गोदामामागची पत्र्याची शेड, त्यात अकरा पोरी. त्या पाठीवर पडून गुडघे वर घेतात, श्वास सोडत एकेक टाच हळूच जमिनीला लावतात. कंबर जराही उचलली गेली की थांबायचं. आडवं टिकायचं ते दहाच सेकंद, पण नीट. आधी खांदे आणि खुबे मोकळे करायचे, कमान खूप नंतर. परवा एक बाप म्हणाला, “मॅडम, पोरगी घरीही छान झोपते, त्याची फी कशाला?” मी त्याला खाली आडवं करून तेच करायला लावलं. चौथ्या टाचेला घामाघूम! तू असतीस तर हसून लोळली असतीस.

मला तुझं ते हसणं आठवतं, आणि त्याच्या पाठोपाठ ती निवड चाचणी. आपण सोळा वर्षांच्या. चाचणीआधी दोन आठवडे तू बूट घालताना ओठ चावायचीस. सरांनी त्यांच्या ओळखीच्या डॉक्टरकडून पाठीचा एक्स-रे फोटो काढून आणवला आणि ‘काही निघालं नाही, नाटकं बंद’ असं सांगितलं. चाचणीत तू मागे उलटी उडी मारलीस आणि गादीवर पडलीस ती उठलीच नाहीस. दवाखान्यात हाड तुटल्याचं कळलं. सर सगळ्यांसमोर म्हणाले, पोटात जोर नव्हता, पडल्यावर हाड मोडणारच. तू ते मानलंस. आणि आज लेकीच्या पाठीवर पिशवी ठेवतेस, ती तुझ्यासारखी कच्ची राहू नये म्हणून.

तू कच्ची नव्हतीस. आता ऐक, आणि ऐकून पत्र फाडू नकोस, शेवटपर्यंत वाच. चाचणीआधी चार दिवस हॉलच्या ऑफिसात फोन वाजला. सर बाहेर होते, मी उचलला. त्या डॉक्टरचाच होता. पाठीच्या हाडात बारीक चीर आहे, सहा आठवडे उडी नाही, वाकणं नाही, हे मुलीच्या घरी लगेच कळवा, असं त्याने मला दोनदा सांगितलं. मी सरांना सांगितलं. ते म्हणाले, “चाचणी होऊ दे, मग बघू. तू तोंड उघडू नकोस.” आणि मी, एरवी कुणाच्या बापाला न भिणारी, गप्प बसले. भीतीने नाही. संघात एकच जागा उरली होती आणि ती तुझ्यामाझ्यातच ठरायची होती. ती मला मिळाली. वीस वर्षं मी सभांमधून सरांना शिव्या घातल्या, त्या बऱ्याचशा माझ्याच होत्या. माफी मागत नाही, मागायचं तोंड नाही. पण पुढच्या शनिवारी तुझ्या लेकीची चाचणी आहे, आणि या वेळी मला जे दिसलंय ते मी तुझ्यापासून लपवणार नाही. हे पत्र मिळालं की दुसऱ्याच सकाळी तिला घेऊन सरांच्या ओळखीबाहेरच्या हाडांच्या डॉक्टरकडे जा, तिच्या पाठीचा फोटो काढ, आणि रिपोर्ट स्वतःच्या हातात घेऊन स्वतः वाच.

तू म्हणशील तर अजूनही तुझीच,
भोंगा