खाटेखालचं पाणी

लातूर
२२ एप्रिल १९८६

प्रिय जगदेवी,

तुझं पत्र शनिवारी मिळालं. भिलाईत आपल्याच लाइनीत खोली बघून ठेवलीस, नळ दारातच आहे, हे वाचून मी ते पत्र चक्क छातीशी धरलं. हसू नकोस. तीस तारखेला मुलांना घेऊन निघते, असं मीच तुला कळवलं होतं, आणि ह्यांना अजून त्यातलं अक्षरही सांगितलेलं नाही. आता तू माझ्या उत्तराची वाट बघत असशील. उत्तर देतेच, पण आधी मला माझ्या मनातली घाण कुठंतरी ओतू दे. इथं ओतायला न्हाणीसुद्धा कोरडी आहे.

भिलाईतून निघताना ह्यांचा काय तो उत्साह! नवा जिल्हा झालाय, सरकारी क्वार्टरं उठताहेत, ओव्हरसियरला मरणाचं काम आहे, आणि मुख्य म्हणजे आपला मुलूख. तू निलंग्याची, मी उदगीरची, तेव्हा आपला मुलूख म्हटल्यावर मला गप्पच बसावं लागलं. नागपूरपर्यंत रेल्वे, पुढं एस.टी. नांदेडच्या स्टँडवर शरणू माझ्या पदरात ओकला. धुवायला नळ शोधत गेले तर तोटीखाली एक कुत्रं जीभ काढून बसलं होतं आणि तोटीतून नुसती हवा येत होती. तो पदर तसाच पिळून, गुंडाळून मी लातूरपर्यंत आले. चार वर्षांचं पोर सारखं विचारत होतं, “मम्मी, नल कब आएगा?” आजही तेच विचारतं.

खोली गंजगोलाईच्या बाजारापासून चालत दहा मिनिटांवर आहे. घरमालकीण शांतम्मा, सत्तरीच्या, एकट्या, कपाळभर विभूती. ह्यांचं नाव रेवणसिद्ध, म्हणजे आपल्यातलेच लिंगवंत, असं ऐकून त्या खूश झाल्या, पण खोलीची किल्ली हातात देण्याआधी माझ्या गळ्याकडं बघून त्यांनी विचारलं, “लिंग हाय न्हवं गळ्यात?” कारण मागची ओसरी दोघींत एकच, पाण्याची भांडी शेजारीशेजारी. मी पदर सावरला आणि हाव म्हणाले. माझं लिंग कुठं आहे ते तुला माहीत आहे. लग्नानंतर दोन वर्षांनी, सेक्टरातल्या बायका ‘गले में ये क्या डिब्बी है’ म्हणून हसल्या, तेव्हा शिवदोऱ्यासकट काढून तुझ्या कपाटात ठेवायला दिलं होतं. घरी ठेवलं असतं तर सासूबाईंच्या हाती लागलं असतं. तर अशा खोटेपणावर आम्हाला खोली मिळाली.

आता पाण्याचं ऐक. नळ आठ दिवसांतून एकदा, तोही आला तर. तास-दीड तास, करंगळीएवढी धार. पहिलं पाणी लाल, मग पिवळं, मग त्याला पाणी म्हणायचं. शेजारची पंचफुला टाकीतून रबरी नळी तोंडानं ओढून पाणी काढते, पहिला घोट पचकन थुंकते, आणि तीच नळी माझ्या घागरीत सोडते. बाई प्रेमळ आहे गं, पण ते बघवत नाही म्हणून मी तोंड फिरवून घेते. लेकरं परातीत उभी करून न्हाऊ घालायची, परातीतलं ते गढूळ पाणी कपड्यांना, कपड्यांचं संडासाला. संडास पाच घरांत एक. त्याविषयी मी लिहीत नाही, तू जेवणार असशील. भांडी राखेनं घासून फडक्यानं पुसायची, म्हणजे कालचं वरण आजच्या ताटाला वास देतं. सगळ्या गल्लीला एकच वास आहे, ओल्या फडक्याचा आणि घामाचा, आणि आता तो माझ्या लुगड्यांनाही लागलाय.

आणि एक सांगते, तुझ्याशिवाय कुणाला सांगू शकणार नाही. पंधरा दिवसांपूर्वी शरणू झोपेला आला आणि माझ्या कुशीत डोकं खुपसलं. सहा दिवस अंघोळ नाही, केसांत उवा, मानेवर घामोळ्यांची खपली. मी त्याला बाजूला ढकललं. माझ्याच पोटच्या पोराची मला किळस आली. तो रडलासुद्धा नाही, नुसता सरकून ताईजवळ, नंदाजवळ गेला. त्याच दिवशी मी तुला खोली बघ म्हणून पत्र टाकलं.

त्यानंतर जे झालं ते माझ्याच हातानं झालं. गेल्या मंगळवारी संध्याकाळी पंचफुला सांगून गेली की उद्या आपल्याकडं नळ आहे. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! तुझ्या-माझ्या घरची रीत आठव. उद्या नळ म्हणजे आज शिळं पाणी फेकायचं, भांडी लख्ख घासायची, ताजं भरायचं. अकरा वर्षं भिलाईत रोज सकाळी मी शिळं पाणी कढीपत्त्याला घातलंय. हात सवयीनं चालले. माझी भांडी रिकामी केली, आणि शेजारी शांतम्मांची तांब्याची घागर होती, फडकं बांधलेली, तळाशी चांगलं चार तांबे पाणी. आठ दिवसांचं. फडकं सोडलं तर वर तवंग. म्हातारीला कशाला त्रास, म्हणून तेही पाणी ओतलं, घागर चिंचेनं घासून अशी चमकवली की तोंड दिसावं. मग जाऊन कौतुकानं सांगितलं. शांतम्मा दाराची चौकट धरून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, “फेकलीस? बरं, उंद्या नळ हाय म्हन.” आणि आत गेल्या.

बुधवारी नळ आला नाही. कुठंतरी मोटार जळाली होती म्हणे. दुपारी शांतम्मा माझ्या दारात आल्या, हातात रिकामा तांब्या. पाणी आहे का गं थोडं, एवढंच विचारलं. जगदेवी, माझ्या खाटेखाली अर्धा ड्रम पाणी होतं. मुलांसाठी म्हणून मी मागच्या नळालाच लपवून ठेवलं होतं, वर गोधडी टाकून. तेवढं एक मी फेकलं नव्हतं, बघ, तिथं माझी रीत गप्प बसली. मी म्हणाले, “न्हाई हो अम्मा, आमचंबी संपलं.” त्या माझ्या तोंडाकडं बघत होत्या आणि मी त्यांच्या तांब्याकडं. बरं म्हणून त्या वळल्या.

गुरुवारी सकाळी पंचफुला रागानं लाल होऊन माझ्याकडं आली. कुठल्याशा विहिरीवरून डोक्यावर आणलेल्या पाण्यातला एक तांब्या ती शांतम्मांना द्यायला गेली, तर म्हातारीनं हात जोडून नको म्हटलं. “आमचं पानी चालत न्हाई जनू! मंगळवारपून पोटात काय न्हाई तिच्या, मरंल अशानं.” तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. लिंगपूजा झाल्याशिवाय शांतम्मा पाण्याचा थेंबही घेत नाहीत, आणि पूजेचं पाणी लिंगवंताच्या घरचंच लागतं. गल्लीतलं दुसरं लिंगवंताचं घर, गुरुपादप्पांचं, लग्नाला गावी गेलेलं. म्हणजे उरले मी. ज्या बाईनं त्यांचं पूजेचं पाणी फेकलं, त्याच बाईच्या दारात त्या आल्या होत्या, आणि का हवंय तेही बोलल्या नव्हत्या.

मला त्या सोवळ्याचीही शिसारी आली, खोटं कशाला बोलू. पंचफुलाचं डोक्यावरून आणलेलं पाणी चालत नाही आणि माझ्यासारख्या लबाडाचं चालतं! पण रागावत बसले तरी मी उठले का? नाही. आता पाणी नेलं तर कालचं खोटं उघडं पडेल, म्हणून मी ज्वारी निवडत बसले. माझ्यासमोरून नंदा उठली. आठ वर्षांची पोर, पंचफुलाचं सगळं ऐकून होती. खाटेखाली शिरली, गोधडी सारली, तांब्या भरला आणि सांडू नये म्हणून हातानं झाकून ओसरी ओलांडून गेली. मला भिंतीपलीकडून सगळं ऐकू येत होतं. कुठून आणलंस, तर म्हणे, “हमारे पास है, अम्मा. खाटेखाली हाय.” मग शांतम्मांनी विचारलं, तुझ्या गळ्यात लिंग हाय का, बाई? नंदा म्हणाली, नाही, मम्मीच्याही नाही, मम्मीचं भिलाईला जगू मौसीच्या कपाटात आहे.

मी सुपातली निवडलेली ज्वारी पुन्हा निवडायला घेतली. मला वाटलं, आता पाणी ओतून देतील, खोली सोडा म्हणतील. खरं सांगू, तसं झालं असतं तर बरं, असंही मनात आलं. तीस तारखेला निघायला आयतं कारण मिळालं असतं. पण थोड्या वेळानं घंटी वाजली. पूजा चालली होती. मग त्या स्वतः आल्या, विभूती ओली, भिंतीचा आधार घेत. तांब्या माझ्यासमोर ठेवला. त्यात निम्मं पाणी तसंच होतं. म्हणाल्या, “माजं झालं एवढ्यात. ऱ्हायलेलं लेकरांस्नी पाज.” मी काहीतरी बोलायला गेले तर हात वर करून थांबवलं. “लेकराच्या हाताला काय इचारायचं? तुला इचारलं आसतं.” एवढं बोलून गेल्या.

जगदेवी, तेव्हापासून मला कशाचीच तेवढी किळस येत नाही जेवढी माझी येते. नळीची, परातीतल्या पाण्याची, त्या संडासाची येते, अजूनही येते. त्यात काही फरक नाही. लातूर मला आवडायला लागलं असं समजू नकोस. पंचफुलाच्या पाण्याला शांतम्मा उद्याही हात लावणार नाहीत, आणि त्याबद्दल मी त्यांच्याशी एक दिवस भांडणार आहे. शनिवारी नळ आला तेव्हा सगळ्यांत आधी शरणूला न्हाऊ घातलं, उवा काढल्या, आणि तो झोपेपर्यंत त्याच्या डोक्यावर नाक टेकून बसले. त्या निम्म्या तांब्यातलं पाणी दोघा लेकरांनी गुरुवारीच संपवलं होतं. मी मात्र त्याला तोंड लावू शकले नाही.

म्हणून हे पत्र. ती खोली सोडून दे, दुसऱ्या कुणाला गरज असेल. मी तीस तारखेला येत नाही. भिलाईत तोंड धुवायला पाणी भरपूर आहे, पण हे तोंड तिथं घेऊन आले तर ते मला रोज दिसत राहील. त्याऐवजी एक काम कर. तुझे भीमाशंकर भाऊजी मे महिन्यात निलंग्याला लग्नाला येणार आहेत ना, त्यांच्या हाती माझं लिंग पाठव. तुझ्या कपाटात वरच्या खणात, चांदीच्या डबीत आहे, शिवदोरा पिवळा पडला असेल. माझी श्रद्धा एकाएकी उगवली असं नाही. पण मी एकदा हाव म्हणाले आहे, आणि शांतम्मा पुन्हा तांब्या घेऊन आल्या तर मला दोन्ही गोष्टी, गळ्यातलं लिंग आणि घरातलं पाणी, खऱ्या असायला हव्यात. डबी आहे तशी दे, तू धुऊ नकोस. धुवायला मी इथं तांब्याभर पाणी काढून ठेवलंय, मागच्या ओसरीत, सगळ्यांना दिसेल असं.

तुझीच
शिवकांता