तंबूची नवी पट्टी

१० डिसेंबर
भांड्यातला चहा गोठला. सासू म्हणाली, "चमच्याने खा." खाल्ला.

१२ डिसेंबर
शेजारच्या जिग्मेतचं कुटुंबही लेहला गेलं. शेळ्या विकल्या, तंबू विकला. आता खोऱ्यात उरले तीन तंबू आणि डोंगरावरचा देव. तो या थंडीत उठत असेल असं वाटत नाही.

दर हिवाळ्यात तंबूला नवी पट्टी जोडायची — याकच्या केसांची, पुरुषाने विणलेली. बायकांनी त्या मागाला हात लावला की देव रागावतो म्हणे. अर्ध्या शेळ्या बर्फात मेल्या तेव्हा कुठे होता हा? असो. माझ्या नवऱ्याने, थुंडुपने, अजून मागाचे खुंट जमिनीत ठोकलेले नाहीत. ज्या घरात नवी पट्टी विणत नाहीत, ते घर जाणार. हे इथे सगळ्यांना कळतं, बोलत कुणी नाही.

मला जायचं नाही. इथे लिहून ठेवते, कारण नवरा विचारणार नाही.

१५ डिसेंबर
माझा, बायकांचा छोटा माग कंबरेला बांधून बसले होते, पिशवीचं कापड निम्मं झालेलं — आणि लांडगा आला! सासू ओरडली, "यांगझेस, ऊठ की गं!" उठते कशी? कंबरेला पट्टा, दुसरं टोक खुंटीला. शेवटी सासूनेच शिव्या घातल्या. त्या कागदावर लिहिण्यासारख्या नाहीत. लांडगा गेला. त्याच्या जागी मीही गेले असते.

१९ डिसेंबर
विचारलंच.
"खुंट कधी ठोकणार?"
"जमीन गोठलीय."
"दरवर्षी गोठते."
"यंदा जास्त."
आणि हा शेळ्यांमागे फिरताना दिवसभर तकलीवर सूत काततोय! "मग एवढं सूत कशाला? कानात घालायला?" हसला. तो हसला की माझा राग टिकत नाही. आमच्या संसाराचा सगळा घोळ तिथेच आहे.

२३ डिसेंबर
ठोकले! सकाळी उठून दारातून बघते — तंबूचं दार आमच्यात कायम पूर्वेलाच — तर हा उन्हात खुंट ठोकतोय. मी सासूला म्हटलं, "बघा, आमा, कुठे जात नाही आपण." ती म्हणाली, "दृष्ट लावू नकोस. चहा नेऊन दे." लोणी दुप्पट घातलं. ओढ्याकाठी रानगाढवं आली होती. एरवी मेली बावळट दिसतात, आज तीही देखणी वाटली.

२४ डिसेंबर
विणतोय. मी खूश आहे.

२ जानेवारी
पट्टी मागावरून उतरवली. मी धावत जाऊन तंबूवर धरली. आखूड. पुन्हा धरली.

थुंडुप खाली बघत म्हणाला, "लेहच्या खोलीत अंथरायला आहे. सिमेंट फार गार असतं."

खूप रडू आलं. सासूसमोर रडायचं नव्हतं म्हणून उरलेलं सूत गुंडाळत बसले. मग विचारलं, "दार कुठल्या बाजूला आहे?"

"पूर्वेला. तेवढं बघून घेतलं मी."