बिनधुराच्या नऊ चुली

शिबिर, मु. धामणवाडी
(येरमाळ्याहून चार कोस)
४ मे १९६०

सौ. गिरिजास,

अनेक आशीर्वाद. मी इथं खुशाल आहे आणि तूही तुळजापुरात खुशाल असशील असं धरून चालतो. आईंचा गुडघा कसा आहे? तू इतक्या तातडीनं माहेरची एस.टी. पकडलीस, म्हणजे तो बराच दुखत असणार. कोमट करडईच्या तेलानं चोळावा, पण खालून वर. पुष्कळ लोक वरून खाली चोळतात आणि मग गुडघ्याला दोष देतात. बेबीला उन्हात देवळाच्या पायऱ्यांवर अनवाणी सोडू नकोस. माठात वाळा टाकत जा.

आता इकडची हकिकत. महाराष्ट्र होऊन चार दिवस झाले. ऑफिसातला शिक्का अजून मुंबई राज्याचाच आहे, पण उत्साह नवा आहे. औरंगाबादेच्या कॉलेजातली अकरा मुलं सुट्टीत समाजसेवा करायला आपल्या विकास गटात आली आहेत. त्यांना मार्गदर्शन आणि सल्ला देण्याचं काम, मी समाजशिक्षण संघटक असल्यामुळं, माझ्याकडं आलं. ऑफिसातले साहेब म्हणाले, "बब्रुवानराव, सल्ला द्यायचा म्हटलं की तुमच्याशिवाय दुसरं नावच सुचत नाही." हे तुला मुद्दाम लिहितो, कारण माझ्या सल्ल्यांबद्दल तू जाताना वेगळ्या सुरात बोलली होतीस.

काम असं आहे की, गावातल्या नऊ घरांत जुन्या चुली काढून बिनधुराच्या चुली घालायच्या. नकाशा वरून आला आहे. धूर धुराड्यातून माळवदावर जातो, बाईचे डोळे वाचतात, सरपण कमी लागतं. मुलं चांगली आहेत, पण कोरी. एकानं बरोबर इस्त्री आणली आहे. दुसऱ्यानं मला विचारलं, "सर, ज्वारी झाडाला येते की वेलाला?" म्हणून पहिल्याच दिवशी शाळेत बसवून मी त्यांना एकवीस सूचना दिल्या. अडीच तास बोललो. दोघंतिघं झोपले, पण ते प्रवासानं दमलेले होते.

सूचना तुला ठाऊकच आहेत, तयारी घरीच केली होती. म्हातारं माणूस खाली बसलं असेल तर तुम्ही बाजेवर बसू नका. गुळाचा चहा मिळाला तर तोंड वाकडं न करता प्या. आणि चौदावी, जिच्यावर मी वीस मिनिटं उदाहरणांसह बोललो: कुणाच्याही घरातल्या वस्तूला हात लावण्यापूर्वी घरधन्याला विचारा. परंड्याकडचा सादिक नावाचा एक किडकिडीत मुलगा सगळं वहीत उतरून घेत होता. त्यानं हात वर केला. "सर, घरधनी म्हणजे नेमकं कोण?" मी म्हणालो, प्रश्न चांगला आहे, पुढं बघू.

त्याच दिवशी पारावर बसून नऊ घरधन्यांच्या सह्या आणि अंगठे घेतले. एकानंही खळखळ केली नाही. गाव पुढारलेलं आहे.

आपल्या कळंबच्या घरी सगळं ठीक आहे. कुलूप नीट लावलं आहे. स्वयंपाकघरातलं काम थोडं अपुरं राहिलं आहे, ते होईल. एस.टी. सुटताना मी हात केला होता. तू पाहिलं नाहीस. गर्दीत दिसलो नसेन.

कार्ड तरी लिही. पत्ता उजव्या बाजूला लिहायचा असतो.

तुझा हितचिंतक,
बब्रुवान


धामणवाडी
११ मे १९६०

सौ. गिरिजास,

आशीर्वाद. तुझं कार्ड पोचलं. पत्ता उजव्या बाजूलाच होता. मजकूर मात्र थोडा वाढवता आला असता. 'आईचा गुडघा कधीच दुखत नव्हता. बेबी मजेत आहे. चूल कशी आहे?' एवढंच. तेही पोस्टमननं पारावर सगळ्यांदेखत मोठ्यानं वाचलं, कारण इथं कार्ड आलं की ते गावालाच आलं असं समजतात. गुडघ्याचं कुणाला काही वाटलं नाही. पण साहेबांच्या (म्हणजे माझ्या) मंडळींना तुळजापुरात बसून आमच्या चुलींची केवढी काळजी, म्हणून सरपंचांचा ऊर भरून आला. आता रस्त्यात भेटेल तो विचारतो, "सायेब, चूल कशी हाय म्हनून लिवलं का घरी?"

चुलीचं पुढं लिहितोच. आधी अक्षराबद्दल. ते वाकडं आलं आहे, कारण डाव्या हातानं लिहितो आहे. उजव्याला किरकोळ लागलं आहे. काळजी करू नकोस. म्हणजे, करत असशील तर.

नऊ चुली पाच दिवसांत झाल्या. मुलांनी माती खणली, तुडवली, हाताला फोड आले तरी हूं की चूं केलं नाही. इस्त्रीवाला मुलगा तर मातीत सगळ्यांत पुढं. परवा सकाळी ऑफिसातल्या साहेबांनी येऊन नारळ फोडला, कडूबाईच्या घरची चूल पेटवली, आणि धूर सरळ माळवदावरून आभाळात गेला. फोटो काढला. कडूबाई म्हणजे सरपंचांची चुलती. सत्तरीची आहे, काटक आहे आणि तिच्या तोंडाला लागायला सरपंचसुद्धा भितात. ती फोटोत हसलेली नाही.

दुपारी जेवणवेळेला पारावर बापे जमले. एक म्हणाला, "सायेब, बायकू भाकर द्यायली, पर ती फुगंनाच." दुसऱ्यानं धोतरात गुंडाळून पुरावाच आणला होता. गिरिजा, तुला सांगायला नको, मलाच त्या दिवशी कळलं, की भाकरी तव्यावरून काढली की चुलीच्या तोंडाशी निखाऱ्याला उभी लावतात आणि तिथं ती फुगते. नकाशातल्या चुलीचं तोंड चार बोटं, त्यालाही पत्र्याचं झाकण. नकाशा काढणारा भात खाणारा असावा. मी वर तसं कळवणार आहे.

कडूबाईनं मला घरात बोलावलं. "ही चूल हाय का उंदराचं बीळ?" मी तिला शांतपणे फायदे सांगू लागलो. डोळ्यांना धूर लागत नाही, वरच्या तुळया काळ्या पडत नाहीत. तुळई दाखवायला हात वर केला. वरून विंचू पडला. तेच ते किरकोळ.

ओरडलो म्हणतात. मला आठवत नाही. कडूबाई कांदा ठेचून चोळत होती आणि तिचा पट्टा चालूच होता. "धूर व्हता तवर ह्यो गडी वर गप पडून व्हता. तुमी धूर काढला, त्यो खाली आला. बियाची कणसं टांगल्यात वर, त्यास्नी आता पोरकिडं लागलं. म्या साठ वर्सं चुलीम्होरं बसले, मला कोन इचारलं?" मी म्हणालो, "तुमच्या पुतण्याची सही आहे." तर म्हणाली, "त्याला म्हनावं, तूच थाप भाकरी." सरपंच दारात होते, ते गोठ्याकडं गेले.

संध्याकाळी शिबिराची बैठक झाली. सादिक वही घेऊन उभा राहिला. आवाज मऊ, पण मुद्दा सोडत नाही. "सर, सूचना चौदावी. आपण नऊ बाप्यांना विचारलं. त्यांच्यातल्या एकानंही जन्मात चूल पेटवलेली नाही. मग आपण विचारलं कुणाला?" पहिल्या दिवशी झोपलेले तिघंही टक्क जागे होते. माझा हात ठणकत होता म्हणून मी बैठक आवरली. हात खरंच ठणकत होता.

तर तुझा प्रश्न. चूल जागेवर आहे. हे वाक्य मी खोडतो आहे. तिची जागा आहे, चूल नाही. तू गेल्यावर नमुन्याची बिनधुराची चूल पुरी करायला घेतली, दोन विटा रचल्या, पुढचं नकाशावरून कळेना. मग खानावळीत जेवू लागलो. तिथली भाकरी फुगलेली असते.

हात सुजला आहे म्हणून थांबतो.

तुझा (डाव्या हाताचा),
बब्रुवान


कळंब
१८ मे १९६०

प्रिय गिरिजा,

काल शिबिर संपलं. मुलं औरंगाबादेला गेली, मी घरी आलो. हात बरा आहे. मायना बदलला आहे, तो चुकून नव्हे.

शेवटचे चार दिवस मार्गदर्शन कडूबाईनं केलं. मी सुचवलं असं लिहिणार होतो, पण नाही, तिनंच ताबा घेतला. शाळेच्या ओट्यावर बसून अकरा पोरांना म्हणाली, "पारावर जाऊ नगा. चुलीम्होर जा. जिची चूल तिला इचारा, आन् ती बोलंस्तवर गप बसा." झालं मार्गदर्शन. एक मिनिट लागलं असेल. पोरं उठली आणि गेली, कुणाला झोप आली नाही.

पोरं नऊ चुलींपुढं जाऊन बसली. बायका आधी तोंडाला पदर लावून गप्प, मग बोलायला लागल्या तर थांबेनात. पाच जणींना धुराडं हवं होतं, पण चुलीचं तोंड मोठं पाहिजे आणि बियाणं टांगलं तिकडं थोडा धूर सोडला पाहिजे. तिघींना जुनी होती तशीच हवी होती. शरिफाबी म्हणाली, "चूल राहू द्या, मला एक खिडकी काढून द्या, नऊ वर्षं मागतेय." मुलांनी जिला जे हवं ते केलं. शरिफाबीच्या नवऱ्यानं स्वतः भिंत फोडली. अहवालात हे कुठल्या रकान्यात लिहायचं हे मला अजून कळलेलं नाही.

चुलीचं माप कसं घेतात ते मी चौतिसाव्या वर्षी शिकलो. फूटपट्टीनं नाही. जी बाई रांधणार तिच्या वितीनं. तोंडाची रुंदी तिची वीत, उंची तिची वीत, म्हणजे हात भाजत नाही आणि पाठ मोडत नाही. पोरांनी बायकांचा हात कसा मोजायचा? कडूबाईनं एकेक दोरा दिला. बाईनं आपली वीत धरून आपणच गाठ मारायची आणि दोरा पोरानं घेऊन यायचा. आठ दोरे शाळेत ओळीनं खिळ्यांना टांगले होते. एकाची लांबी दुसऱ्यासारखी नव्हती, आणि नकाशा एकच होता.

तिथं उभी असताना कडूबाईनं मला विचारलं, "सायेब, तुमच्या मालकिनीची ईत केवढी?"

मला सांगता आलं नाही, गिरिजा. नऊ वर्षं संसार केला. तुझ्या कार्डावर पत्ता कुठल्या बाजूला असावा हे मी तुला सांगतो, आणि तुझी वीत केवढी हे मला ठाऊक नाही. म्हातारी 'अरारा' एवढंच म्हणाली आणि दोरे मोजत बसली.

मग मला सगळं लिहावंसं वाटलं, जे दोन पत्रांत लिहिलं नाही. तू शेजारी हळदीकुंकवाला गेली होतीस. योजनेची सुरुवात आपल्या घरापासून व्हावी म्हणून मी पहार घेतली आणि तुझी चूल फोडली. विचारलं नाही. नकाशा हातात होता, कुणाला विचारायचं असतं हे मनातसुद्धा आलं नाही. आणि ती चूल कुठली, तर आपण वेगळं राहायला कळंबला आलो तेव्हाची. बेबी पोटात होती. तू कुठनं कुठनं माती आणलीस, घोड्याची लीद आणलीस, चार दिवस थापत बसली होतीस. पहिल्या दिवशी मी ऑफिसातून आलो, चूल पाहिली आणि म्हणालो, "तोंड जरा डावीकडं हवं होतं." हे मला आता आठवलं. तुला रोज आठवत असेल.

हळदीकुंकवाहून आलीस, ढेकळं पाहिलीस, आणि भांडली नाहीस. एवढंच म्हणालीस, "जगाला शहाणं करा, मी तिथं नको." तवा धुतलास, लुगड्यांच्या गाठोड्यात घातलास आणि बेबीचं बोट धरलंस. गुडघा दुखतो म्हणून कुणी माहेरी तवा घेऊन जात नाही, एवढं तरी मला कळायला हवं होतं. मला ते कळलं होतं, गिरिजा. म्हणूनच गुडघ्याबद्दल लिहीत होतो.

समारोपाचं भाषण मी तीन मिनिटांत संपवलं. एकवीस सूचनांपैकी वीस विसरा म्हणालो, आणि चौदावी मी स्वतः माझ्या घरात कशी मोडली ते सांगितलं. कुणी हसेल असं वाटलं होतं. सादिकनं तेवढं विचारलं, "सर, मग आता त्यांना विचारलंत का?" एवढ्याशा पोरानं मला सल्ला दिला आणि तो बरोबर होता.

म्हणून विचारतो. माझं चुकलं. हे दोन शब्द लिहायला मला तीन पत्रं लागली. तुझी चूल तुला कशी हवी? आणि ती या घरात हवी का? नको म्हणालीस तर तसं लिही, मी पत्र पुन्हा पुन्हा धाडून तुला छळणार नाही. पण खरं सांगतो, घर खायला उठतं. कुलूप काढून आत गेलो की आधी ती रिकामी जागा दिसते आणि मग मी दारातच बसतो.

सोबत एक दोरा पाठवणार होतो, वीत धरून गाठ मारून परत धाड म्हणून. पाकिटात घातला होता, काढला. मापावरून मी घातलेली चूलही माझीच होईल.

काल येरमाळ्याची पांढरी माती आणली, लीद आणि भुसा घालून परातीत भिजत ठेवली आहे. सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडतो. हात लावलेला नाही.

तुझा,
बब्रुवान